गोल टेबलावरची फॅमिली

इथं आखातात, मुऐदरमधल्या एका साध्या कँटनीज, म्हणजे चिनी हॉटेलात तो मला दर शुक्रवारी भेटतो. मूळचा बीडकडचा, इथल्या हमद पोर्टवर क्रेन चालवतो. शर्टाला कडक इस्त्री, पण वाफवलेला अख्खा मासा हातानंच खाणार. काटा-चमचा बाजूला सारून म्हणतो, "हात माझा मी धुतलाय. चमचा कुणी धुतला, काय माहीत?"

तिथं खिडकीजवळ फिरत्या काचेचं मोठं गोल टेबल आहे. ते फक्त फॅमिलीसाठी. आम्हा एकट्या पुरुषांना मागं, बेसिनपाशी बसवतात. गेल्या शुक्रवारी हा सरळ खिडकीशी जाऊन बसला. मॅनेजर धावत आला, "भाई, ओन्ली फॅमिली!"

"फॅमिली गावाला हाय, भूक हितं हाय," तो माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं बायकोला व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल चहाच्या किटलीला टेकवून काचेवर ठेवला आणि काच सावकाश फिरवली. पदर सावरत त्याची बायको मॅनेजरच्या पुढ्यात येऊन थांबली.

"ये है फॅमिली. अब मछली लाओ. और कप दो लाना."

मॅनेजर मदतीसाठी माझ्याकडं बघू लागला. मी बेसिनपासून उठलो, त्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसलो.

"कप तीन. मैं देवर हूँ."