मांडीवरचं खोकं

आमच्या घरात एकाच गायकाच्या त्याच त्या गाण्यांचे चार संच आहेत. आधी रेकॉर्डी, मग कॅसेटी, मग सीडी, आणि गेल्या वर्षी मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला दिलेला नवाकोरा संच, खरखर काढून टाकलेला. अमेरिकेतला जुना काळा गायक, स्वतःच पियानो वाजवून गाणारा. डाव्या हाताने पियानो असा बडवतो की खालच्या मजल्यावरचे वर बघतील. आवाज घोगरा, प्रेमाची गाणीसुद्धा भांडल्यासारखी म्हणतो. गाणी चांगली आहेत, मी नाकारत नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोषही नाही. पण तो पियानो सुरू झाला की माझं डोकं आजही फिरतं.

आखाती युद्ध पेटलं तेव्हा आम्ही सौदीत दम्मामला होतो. कुवेतची बातमी आल्यावर घाबरून मायदेशी पळालेल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने नवऱ्याला तो पहिला संच दिला होता. जुनी गाणी कंपनीने नव्याने छापून जाडजूड खोक्यात घातली होती. जानेवारीत सायरन वाजायला लागले. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, विषारी वायू आला तर लपायला म्हणून बाथरूमच्या दाराशी ओले टॉवेल ठेवले. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, जेद्दाला चुलत भावाकडे जाऊ. गाडीत पाण्याचे कॅन, तांदूळ, गाद्या, आणि त्यात कशीबशी कोंबलेली आमची दोन मुलं. रिकामी उरली ती फक्त माझी मांडी.

शेजारीण रत्नागिरीकडची. तिचा नवरा अबकैकच्या तेलाच्या प्लँटवर. त्याला रजा नाही आणि पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या मालकाकडे. ती पाच वर्षांच्या मुलीला घेऊन खाली आली.

"वहिनी, माझं काय नाय. हिला तेवढी न्या. जेद्दात शराफियात माझा भाऊ आहे, तो येऊन घेऊन जाईल."

नवरा म्हणाला, "हिचं नाव बापाच्या इकाम्यावर. तो राहण्याचा परवाना जवळ नसला तर चेकपोस्टवर अडवतील."

तिने मुठीतला कागद उलगडला. मुलीला नेऊ द्यावं असं कफीलच्या सहीशिक्क्याचं अरबी पत्र होतं. बाई पूर्ण तयारीनिशी आली होती. नवऱ्याने ते वाचल्यासारखं केलं आणि घडी घालून परत दिलं. मग वर गेला, खोकं घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "डिकीत दणके बसून रेकॉर्डी तडकतील," मला म्हणाला. आणि तिला म्हणाला, "बघा ना, जागाच नाही."

माझी दातखीळ बसली होती का? ते खोकं उचलून रस्त्यावर फेकायला असं किती बळ लागतं? मी फेकलं नाही. गाडीचं दार ओढून घेतलं. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि गाडी वळवायला आम्हाला जागा हवी म्हणून ती बाजूला सरली.

जेद्दाला पोचल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी नवऱ्याने दिराच्या मित्रांना जमवून रेकॉर्ड लावली. मोठ्या कौतुकाने सांगत होता, "मूळ रेकॉर्डी आता कुठे मिळत नाहीत, पण ही पुन्हा काढलेली आहे. हवी तर तुम्हीही मागवा."

हवी तर मागवा! मी चहाचा ट्रे टेबलावर आदळला. "पुन्हा मागवता येते ना? मग त्या पोरीची जागा का खाल्लीत?"

नवरा हसला. म्हणाला, "प्रवासाने दमलीय ती." त्याला मी बरंच काही माफ केलं आहे, ते हसणं नाही.

युद्ध थांबल्यावर आम्ही दम्मामला परतलो. शेजारची मुलगी बाथरूममध्येच झोपत होती, बाहेर काढली की किंचाळायची. आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. नवरा म्हणाला, "सगळे जिवंत आहेत ना? मग खलास, विषय संपला." आणि आतल्या खोलीत जाऊन त्याने रेकॉर्ड लावली, आवाज जरा मोठा करून.

दोन दिवसांनी शेजारीण जिन्यात भेटली. तिने मला चार शिव्या द्याव्यात म्हणून मी मुद्दाम थांबले. तिने फक्त विचारलं, "सामान नीट पोचलं ना, वहिनी?" टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

मी "हो" म्हणाले. पोचलंच होतं नीट. दम्मामपासून जेद्दापर्यंत प्रत्येक ब्रेकला मी ते खोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं.