बोलायची पोच

खिडकीतला माणूस तुमच्या आईला हसला, आणि मागची सगळी रांग त्याच्याबरोबर हसली, तर तुम्ही कुणावर चिडाल?

मी आईवर चिडले.

तेव्हा मी बारावीत होते. वडील चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. आजारपणात गेले. आई शुक्रवार पेठेतल्या आमच्या एका खोलीत टॉवेलला शिलाई मारायची. कुणीतरी तिला सांगितलं, विधवा बाईला निराधार पेन्शन मिळते, अर्ज कर. मी लिहून दिला आणि सोबत गेले. आईने तो कचेरीच्या खिडकीत सरकवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"झालं की. निघा आता," आतला कारकून म्हणाला.

"साहेब, पोच द्या की."

पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का मारलेली आपल्याकडची प्रत. ती मागायची असते, एवढं आईला शेजारणीने सांगितलं होतं.

कारकुनाने मान वर केली. आईकडे नाही, रांगेकडे पाहिलं. "पोच पाहिजे बाईंना. आधी बोलायची पोच आणा म्हणावं घरून."

रांग हसली. आमच्यासारखीच माणसं. हातात आमच्यासारखेच कागद. आणि आईही हसली. तिचं ते हसू मला आजही सहन होत नाही. मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. "बोलता येत नाही तर गप्प बसायचं ना," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. कारकुनाचं नाही.

वर्षभर वाट पाहिली. त्या वर्षात आईने शिलाईचं मशीन विकलं. मग चौकशीला गेलो, तर त्याच खिडकीत उत्तर मिळालं: असा अर्ज आलेलाच नाही. दिला असेल तर पोच दाखवा.

आईने कागद पिशवीत घातले. "मी परत तितं जानार न्हाई," ती म्हणाली. "उपाशी ऱ्हाईन, पर जानार न्हाई."

मी अक्कांकडे गेले. अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या. आयुष्यभर विड्या वळल्या, आणि विड्या वळता वळता बायकांचे पेन्शनचे, रेशनचे अर्ज लढवले. आता दर रविवारी एका शाळेच्या रिकाम्या वर्गात त्या हे काम दुसऱ्यांना शिकवतात.

"एक अर्ज लिहून द्या," मी म्हणाले.

"मी न्हाई लिहीत कुणाचा. तू लिही. मी चुका काढते."

लिहिला. शेवटी लिहिलं, माझ्या गरीब आईवर दया करून पेन्शन मंजूर करावी, आपले उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. वाक्य मला आवडलं होतं. अक्कांनी त्यावर आडवी रेघ मारली.

"हे कुणाला लिहिलंस? देवाला?"

"साहेबांना."

"साहेबाच्या खिशातलं मागतीस काय? आई नियमात बसती का?"

"बसते."

"मग तेवढंच लिही की. नियमात बसते, मंजूर करा. खाली अंगठा नाहीतर सही."

चार ओळींचा अर्ज झाला. मला तो उद्धट वाटला. दया काढून घेतल्यावर मागायला तोंडच उरलं नाही असं वाटलं. किती खोल शिरलं होतं ते हात पसरणं माझ्यात.

मग अक्का खिडकी झाल्या. त्यांची शिकवायची हीच रीत. त्या टेबलामागे बसणार, कारकुनासारखं बोलणार, आणि शिकणाऱ्याने समोर उभं राहून पोच मिळवायची.

"साहेब न्हाईत. उद्या या."

"सॉरी, पण..."

"सॉरी म्हणालीस. जा मागं. रांगेत उभी ऱ्हा."

सात वेळा मागे पाठवलं. आठव्या वेळी मला रडू फुटलं. अक्का थांबल्या नाहीत. "रड. पण कागद सोडू नको. प्रतीवर शिक्का पडल्याशिवाय मूळ अर्ज हातातनं सुटता कामा न्हाई."

वर्गात एक यंत्रमाग कामगार होता, दोन विडी कामगार बायका होत्या. आणि सगळ्यात मागच्या बाकावर आई. मला न्यायला आले म्हणाली. शेवटपर्यंत बसली. घरी जाताना म्हणाली, "उद्या जाऊ."

सोमवारी खिडकीत तोच कारकून.

"ठेवा तिथं."

"प्रतीवर शिक्का द्या," मी म्हणाले.

"नंतर. ठेवा आणि जा."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, आवर की. आमाला काय कामं न्हाईत व्हय?"

माझी बोटं सैल झाली. खोटं कशाला सांगू? इतकं शिकूनही मी अर्ज सोडणारच होते. आईने अर्ज आणि प्रत, दोन्ही कागद माझ्या हातातून काढून घेतले.

"पोच द्या."

"पुन्हा पोच? बाई, तुम्हाला बोलायची पोच..."

"ती मी घरनं आनलीया," आई म्हणाली. "कागदाची तुमच्याकडं हाय. ती द्या."

ती साहेब म्हणाली नाही.

कारकुनाने वेळ काढला. शिक्क्याची तारीख फिरवली, पेन शोधलं, पाणी प्यायला. आई दोन्ही कागद धरून उभी. प्रतीवर शिक्का पडला. मग तिने अर्ज सोडला.

पेन्शन सुरू झाली. मागचं वर्ष मिळालं नाही. ते वर्ष आम्ही मागितल्याचा पुरावाच नव्हता. आई आजही दुसऱ्याच्या मशीनवर बसते.

आता रविवारी अक्कांबरोबर मीही शिकवते. मीही खिडकी होते. माणसं म्हणतात, मॅडम, तुम्हीच भरा, तुम्हीच जा, लवकर होईल. लवकर होईल, हे खरं आहे. तरी मी कुणाच्या वतीने बोलणार नाही. आणि कुणाला एकटं पाठवणार नाही. माझ्यासमोर लिहिलेल्या कुठल्याही अर्जात दया हा शब्द राहणार नाही.

तुम्हाला हे वाचता येतंय. म्हणजे अर्जही वाचता येईल. मग एवढं करा. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, तुमच्या इमारतीच्या दाराशी बसणाऱ्या काकांना विचारा, तुमचं कुठलं काम कुठल्या कचेरीत अडकलंय. उत्तर मिळेल. अर्ध्या दिवसाची रजा काढा आणि त्यांच्याबरोबर जा. त्यांना पुढे उभं करा. तुम्ही मागे थांबा. त्यांचं बोलून होईपर्यंत तुम्ही तोंड उघडू नका.