नांदेडचं बारसं आणि माझं होकायंत्र

आमच्या खानदानात नांदेडला जायला निघून कनेरगाव नाक्याला उतरलेला मी पहिलाच माणूस. (ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिंगोलीहून नांदेड खाली, दक्षिणेकडं. कनेरगाव वर, उत्तरेकडं. यापेक्षा जास्त चुकायची सोय देवानं ठेवलेली नाही!)

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझे मावसभाऊ आबा, शिरड शहापूरचे जमीनदार, यांनी मुंबईहून एक जुनं, लहानसं विमान विकत आणलं होतं. पुढं चालवणारा एक, मागं दोघं दाटीवाटीनं. हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर ते उभं असायचं आणि आबा आठवड्यातून दोनदा त्यातून हिंडायचे. पावसाळ्यात ढगांमधून वाट सापडत नाही म्हणून त्यांनी दोन नवी यंत्रं मागवली. एक होकायंत्र आणि एक विमानाचा तोल दाखवणारं यंत्र. या दुसऱ्यात वाकड्या काचेच्या नळीत एक गोळी असते. गोळी मधोमध असली की विमान सरळ. एवढं सोपं!

"मास्तर, बसवून देता का?" आबांनी विचारलं.

मी शाळेत सायन्स शिकवायचो. 'नाही' म्हणणं माझ्या पदाला शोभलं नसतं.

चालवणाऱ्याच्या समोरच्या लाकडी फळीवर बोट ठेवायला जागा नव्हती. उंचीचं घड्याळ, वेगाचं घड्याळ, तेलाचं, पेट्रोलचं. त्यात आबांनी स्वतःची भर घातलेली. औंढ्याच्या नागनाथाची तसबीर, पानाच्या डब्यासाठी खोबण, आणि मैदानावरच्या शेळ्या हाकलायला मोटारीचा पितळी भोंगा!

"आबा, ही तसबीर जरा बाजूला घेऊ का?"

"देवाला सरकवता? आन् मग वर गेल्यावर कोणाच्या भरवशावर उडायचं, तुमच्या?"

त्या वेळी मला हा प्रश्न अपमानकारक वाटला होता.

मग गोळीचं यंत्र तसबिरीच्या कोपऱ्याशी कसंबसं कोंबलं. बसलं, पण थोडं तिरपं. इतक्यानं काय होतं, म्हटलं. होकायंत्राबरोबर पितळी स्क्रू आले होते, ते आखूड पडले. मी घरच्या दाराच्या बिजागरीचे चार दणकट लोखंडी स्क्रू काढून आणले आणि करकचून आवळले. (चुंबक आणि लोखंड हा धडा मी दरवर्षी शिकवायचो. मुलं नापास व्हायची तेव्हा फार चिडायचो.)

नेमका तेव्हाच माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं नांदेडला बारसं निघालं. माझी बायको सरू ही त्या लेकराची सख्खी आत्या. आत्या नाही तर नाव कोण ठेवणार? आणि आदल्या दिवशी कयाधू नदीला असा पूर आला की रस्ता बंद, आगगाडीही अडकून पडलेली. सरूनं जेवण सोडलं.

"आबाभावजींचं विमान हाय की," मी फुशारकीनं म्हणालो. "यंत्रं मी स्वतः बसवलीत."

"म्हणूनच भेव वाटून राहिलं," ती म्हणाली. पण लाडवांचा डबा आणि बाळाचे चांदीचे वाळे घेऊन आलीच.

कळमनुरीपर्यंत सगळं बराबर होतं. खाली पुराचं पाणी दिसत होतं, सरूनं डोळे उघडलेही होते. मग समोर काळाभोर ढग आला आणि आम्ही त्याच्या पोटात शिरलो.

पांढरं! चहूकडं नुसतं पांढरं! पंखाचं टोकसुद्धा दिसेना. आबांचा आवाज इंजिनाच्या घरघरीवरून आला, "मास्तर, आता तुमची यंत्रंच डोळे आपले! गोळी मधात ठेवतो, काटा नांदेडावर ठेवतो. व्हय ना?"

"व्हय, व्हय!" मी ओरडलो.

थोड्या वेळानं सरूनं माझ्या कोपराला ढोसलं. डब्याचं झाकण निघून लाडू तिच्या मांडीवरून माझ्याकडं गडगडत येत होते.

"अहो, विमान कलतं चालून राहिलं!"

"गोळी मधोमध आहे ना!"

"गोळी असंल मधात. लाडू काहून तुमच्याकडं येऊन राहिले?"

"हवेचा झोत असतो," मी म्हणालो. (हे शास्त्र मी जागेवरच तयार केलं.)

आणखी एक लाडू आला. मग सगळेच आले. मलाही आता माझी डावी बाजू खाली गेल्यासारखी वाटत होती. पण बोलणार कसं?

"आबा, काटा काय म्हणतो?"

"काटा तर खिळल्यावानी नांदेडावर हाय! असं नेक होकायंत्र म्या आजवर पाह्यलं न्हाई, मास्तर!"

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण विमान धक्क्यांनी डोलत असताना काटा जरासुद्धा हलत नाही, ही गोष्ट माझ्यातल्या सायन्स मास्तराला टोचू लागली. मी मान लांब करून बघितलं. काटा माझ्या एका स्क्रूकडं टक लावून बसला होता. सांगावं तर ढगात करायचं काय, आणि औंढ्याकडचे डोंगर नेमके कुठं, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आबा," मी शेवटी म्हणालो, "जरा खाली उतरून बघू या का?"

"काहून? नांदेड आलं काय?"

"नांदेड... येईलच. पण बघू या."

आबांनी मागं वळून माझं तोंड पाहिलं. मग पेट्रोलच्या काट्याकडं पाहिलं. मग नागनाथाकडं पाहिलं आणि विमान हळूहळू खाली घेतलं. उंचीचं घड्याळ घसरत होतं आणि पांढरं काही संपत नव्हतं. सरू एकदम गप्प झाली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसलेली बघून मला डोंगराहून जास्त धास्ती वाटली. तिनं माझा हात धरला. मी म्हणणार होतो, घाबरू नकोस. पण तोंडून निघालं, 'नागनाथा!'

आणि ढग फाटला! खाली हिरवी शेतं, एक रस्ता, एक गायरान. गोदावरीचा मात्र पत्ता नाही.

"एवढी मोठी नदी गेली कुठं?" आबा ओरडले. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. "आता नदी गेली खड्ड्यात! धरून बसा!"

आबांनी भोंगा वाजवत गायरानावरची गुरं पांगवली आणि विमान चिखलात असं टेकवलं की उरलेले लाडू छताला जाऊन आले. मग सगळं शांत झालं. सरू कपाळावरचा घाम पुसत होती. तिघंही जिवंत होतो, हे पटायला थोडा वेळ लागला.

जवळच्या बंजारा तांड्यावरचे एक म्हातारे गुरं सोडून धावत आले.

"नाईक, नांदेड कुठं?" आबांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी विमानाच्या शेपटीकडं हात केला. "नांदेड? ते तिकडं लई दूर. हे कनेरगाव हाय, मालक."

सरूनं माझा हात सोडला.

जमलेल्या लोकांनी विमान चिखलातून ढकलून फिरवलं. आबा आत बसून होकायंत्राकडं बघत होते. विमान पुरतं फिरलं, काटा होता तिथंच. कलत्या विमानानं ढगातही असंच वळण घेतलं होतं आणि काट्यानं चुगली केली नव्हती.

"मास्तर, हे होकायंत्र हाय का तसबीर? स्क्रू कसले लावले?"

"लोखंडी," मी पुटपुटलो.

"आन् गोळी काहून तिरपी?"

"तुम्ही देव सरकवू दिला नाहीत!"

एवढ्यात नाक्यावरचे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, मुन्शी आले. नाक्यापलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड, अलीकडं निजामाचं राज्य. त्यांनी सरूच्या हातातले चांदीचे वाळे बघितले आणि विचारलं, "क्यों साब, आप सरहद के इधर से आए, या उधर से?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं. इमानदारीत सांगायचं तर आम्हालाच माहीत नव्हतं!

"ह्यास्नी काय विचारता?" सरू पुढं झाली. "आमी हिंगोलीचे. ह्यांनी वरच्या वर फिरवून आणलं, बस्स!" तिच्या चेहऱ्याकडं पाहून मुन्शींनी पुढं काही विचारलं नाही. उलट चहा पाजला आणि हिंगोलीला परतायला बैलगाडी बोलावून दिली.

पूर ओसरल्यावर आम्ही आगगाडीनं नांदेडला पोचलो. मेव्हण्यानं माणुसकी दाखवून बारसं थांबवून ठेवलं होतं. सरूनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं नाव सांगितलं: ध्रुव!

"ध्रुव?" तिची आई चकित झाली. "आपल्यात कोणाचं न्हाई असलं नाव. काहून गं?"

सरूनं सावकाश माझ्याकडं बघितलं. "उत्तर कोणीकडं असती, ते ह्या घरात एकाला तरी ठाऊक असावं म्हणून!"

सगळं घर खदखदून हसलं. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन दक्षिणेच्या खिडकीत जाऊन बसलो. (दक्षिणेचीच असावी. मला तरी तसं वाटलं.)