खंडेनवमीचं कुंकू आणि दोन फोटॉन

परवा दसऱ्याच्या सकाळी लॅबमध्ये गेले आणि दारातच थांबले... माझ्या ऑप्टिकल टेबलवर झेंडूची फुलं, आणि फायबर केबलच्या जोडांवर हळदकुंकू.

आदल्या दिवशी मी नव्हते. माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या तेजस्विनीने खंडेनवमीची पूजा उरकली होती. कोल्हापुरात लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं, मग आमच्या लेझरनेच कुणाचं घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं.

माझा प्रयोग थोडक्यात असा. अगदी सारखे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, दोन बाजूंनी एकाच क्षणी अर्धपारदर्शक आरशावर पोचले, तर दोघेही एकाच बाजूने बाहेर पडतात. मग दोन्हीकडच्या डिटेक्टरना एकदम फोटॉन मिळणं जवळपास थांबतं आणि आलेख खाली बुडतो.

हा खड्डा, म्हणजे डिप, मला वर्षभर दिसला नव्हता. दिवाळीपर्यंत दिसला नाही तर हा भाग थिसिसमधून काढू, असं गाइडनी सांगितलं होतं.

आणि त्यात हे कुंकू... जोडात एक कण शिरला तरी प्रकाश अडतो. मी तेजस्विनीला फोन केला. आवाज चढवला नाही, पण तिला कळलं. घरचे संध्याकाळच्या सोन्याच्या तयारीत होते, त्यांना सोडून ती थेट लॅबमध्ये आली.

"चुकलं बाई. पण देवानं तुझ्या मशीनकडं बघावं म्हणून केलतं की!"

फोटॉन आरशापर्यंत नेणाऱ्या दोन्ही केबल काढून, टोकं पुसून तिने शेजारी शेजारी टांगल्या. मग म्हणाली, "ह्यातली एक लांब हाय बघ."

लेबल दोन्हींवर एकच, एक मीटर. प्रत्यक्षात दोन बोटांचा फरक... एका फोटॉनची वाट कमी-जास्त करणारा माझा सरकता स्टेज तेवढा सरकतच नाही. म्हणजे फोटॉन एका वेळी आरशावर पोचतच नव्हते. डिप होता, मी शोधत होते त्या पट्ट्याच्या बाहेर.

आखूड केबलच्या बाजूला तेवढी वाट वाढवली, सगळे आरसे पुन्हा जुळवले. संध्याकाळी आलेख हळूहळू खाली आला. बुडाला. पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच.

मी थँक्यू म्हटलं. तेजस्विनीने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आलाय काय गं तुला?"

ताप नव्हता. सणाचं घर सोडून ती दिवसभर माझ्याबरोबर अंधाऱ्या खोलीत उभी होती. डिप मिळाल्याचा आनंद आहेच... पण शेजारच्या टेबलवर असं माणूस आहे, याबद्दल मी जास्त ऋणी आहे. तोंडावर एवढं बोलायला जमलं नाही, म्हणून इथे.