अजिनाथची सुरगाठ

आमच्या अजिनाथसारखा दोरीचा माणूस अख्ख्या गंगापूर तालुक्यात शोधून दावा! मेंढरांच्या वाड्यावर वाढलेला गडी. आता वाळूजला रत्नमालाताईंच्या कारखान्यात हाय. तिथं लाल-पिवळ्या पट्ट्या लोंबणाऱ्या दोऱ्या बनतात. दक्षिणेच्या समुद्रात मासे धरणारी जहाजं त्या आपल्या मागं सोडतात. पट्ट्या फडफडल्या की अल्बट्रॉस भिऊन लांब राहतो. नायतर हा थोरला पक्षी गळाच्या आमिषावर झडप घालतो, गळ रुततो, अन् पाण्याखाली ओढला जाऊन बुडून मरतो. त्याची एक जात तर संपतच आलीय.

त्या दिवशी पट्ट्या बांधणारी बाई आली नव्हती. अजिनाथ छाती काढून म्हणला, "ताई, मी बांधतो. दोरीतच जन्मलोय मी!"

दुपारी पोती भरून टेम्पो गेला बी. अजिनाथ उरलेली दोरी गुंडाळत होता. पट्टीचं शेपूट बोटात अडकलं, अन् पट्टी सळ्ळकन हातात आली.

त्यानं दुसरी ओढली, ती बी सुटली. सुरगाठ! वाड्यावर कोकरू सुरगाठीनंच बांधतात. लांडगा आला तर एका हिसक्यात सुटलं पाहिजे. सवयीच्या हातानं सगळीकडं तीच गाठ मारली होती. समुद्राच्या वाऱ्यात एक बी पट्टी टिकणार नव्हती.

टेम्पोवाला फकिरा फोन उचलंना. माल संध्याकाळच्या रेल्वेगाडीनं बंदरावर जाणार. अजिनाथनं मोटरसायकल पिटाळली. नगर नाका गेला, टेम्पो नाय. क्रांती चौकात सिग्नलला दिसला, अन् तेवढ्यात सिग्नल सुटला. अजिनाथनं गाडी आडवीच घातली.

"क्या रे, मरनेका है क्या?" फकिरा ओरडला. मागं हॉर्नचा कल्ला.

"बाजूला घे, फकिराभाई! गाठी सुटतात!"

"तो क्या हुआ? समंदर में कौन देखने जारा?"

"पिल्लू वाट बघतंय ना!" अजिनाथ हॉर्नच्या कल्ल्यात ओरडला. "दोन वर्षांतून एकच अंडं घालतो तो पक्षी. मेंढी मेली तर कोकरू दुसरीला लावता येतं. तिथं आई-बापातला एक बी गेला तर पिल्लू उपाशी मरतं. दुसरं कुणी चारत नाय त्याला."

फकिरानं टेम्पो कडंला घेतला. "गाडी छूटी तो मेरेकू मत बोलना."

अजिनाथनं फोन लावला. "ताई, चूक माझी. कामावरून काढा, पण माल असा जाऊ देऊ नका."

ताईंनी कुठं थांबलाय ते विचारलं. मग, "बांधायला बस. निघालेच मी."

फुटपाथवर पोती उलटली. सोडायचं, निरगाठ मारायची, दातानं आवळायची. बोटं सोलली. ताई आल्या, पदर खोचून शेजारी बसल्या.

"दोरीतच जन्मला म्हणं!"

अजिनाथनं पुढची पट्टी ओढली. फकिरा सारखा घड्याळ दावी.

शेवटची पट्टी झाली तवा ऊन उतरलं होतं. फकिरानं दोरी टेम्पोच्या फाळक्याला अडकवली, पट्टी धरली अन् सगळ्या अंगाचा भार टाकून लटकला.

गाठ हलली नाय.

"चल, बैठ जल्दी. पोते कौन उतारेगा, मेरा बाप?"

माल गाडीत चढला, अगदी शिट्टी होता होता. अजिनाथ अजून त्याच कारखान्यात हाय, अन् गाठी बी तोच मारतो. तिकडं दूर समुद्रात अल्बट्रॉस बिचकून लांब उडतो ना, तो गंगापूरच्या गाठीला भिऊन!