उभ्या लाटेवरचे मामा

आमचे मामा एसटीत कधी दांडी धरत नसत. पालमहून परभणीला जाणारी गाडी आमच्या फाट्यावर येईपर्यंत खच्चून भरलेली असायची. आत शिरले की मामा खिडकीकडे तोंड करून आडवे उभे राहत. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात मोकळे. गाडी खड्ड्यात गेली की दांडीला लटकलेली माणसं एकमेकांवर कोसळत. मामा मात्र कमरेतून जरासे खाली-वर होत, जणू गाडीने त्यांना विचारूनच उडी मारली होती. कंडक्टर ओरडायचा, "मामा, धरा की, पडसाल!" मामा म्हणायचे, "धरलेला माणूसच पडतो बाबा. त्याचं ध्यान दांडीत ऱ्हातंय, रस्त्यात न्हाई."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणायची रीत. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात त्यांचा हा अवतार पाहून मी पदर नाकापर्यंत ओढला होता. सासऱ्यांना कमरेचा काहीतरी विकार आहे आणि स्थळ दाखवताना तो आमच्यापासून लपवला, अशी माझी खात्री झाली होती. संशय यायला तसं कारणही होतं. मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक, शिक्षण, रंग यातलं काही न विचारता मामांनी एकच प्रश्न केला होता, "पोहता येतंय का?" मी परभणीच्या नळाच्या पाण्यावर वाढलेली. आईने मागून चिमटा काढला, म्हणून मी "हो" म्हणाले. आमच्या संसाराची सुरुवात अशी खोट्यावर झाली.

गाव त्यांना 'आस्ट्रेलिया' म्हणायचं. "आस्ट्रेलिया आले का? चहा टाक." घर आमचं मेंढरांचं, आणि मामा तरुणपणी सरकारी मेंढी केंद्रात कामाला लागलेले. पोलीस ॲक्शननंतर आठ-नऊ वर्षांनी केंद्राच्या साहेबाबरोबर त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडलं. यंत्राने लोकर कातरायची कशी ते शिका आणि येताना चांगले मेंढे घेऊन या, असा हुकूम. लोकर कातरून झाली, मेंढे ठरले, पण बोटच मिळेना. साहेब शहरात राहिले. मामांना समुद्रकाठच्या एका गावात मेंढ्यांजवळ ठेवलं. तिथे शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बिल नावाचा म्हातारा सुतार होता. मामा त्याला बिलमिस्त्री म्हणत. तो लाटांवर उभं राहायच्या फळ्या बनवायचा.

हे सांगताना मामांच्या हातात बहुतेक वेळा भाकरीचा तुकडा असे, आणि पातळ पिठल्याचा समुद्र होई. "आधी त्यांच्या फळ्या लय लांब, आतून पोकळ, दात कोरायच्या काडीसारख्या निमुळत्या. मग अमेरिकेची पोरं आली. त्यांच्या फळ्या आखूड, आपल्या सावरीसारख्या हलक्या लाकडाच्या. झालं! सगळ्यांना तसलीच पायजे. आन् ते लाकूड तिकडं मिळंना. बिलमिस्त्री काय रडत बसला न्हाई. पातळ प्लाय आणलं, आत बरगड्या लावल्या, तशीच आखूड फळी पोकळ बनवली. सामान न्हाई म्हणून थांबतो तो मिस्त्री कसला?"

बोटीची वाट बघत चार महिने मामांनी फळ्या घासल्या, आणि संध्याकाळी पाण्यात पडून पडून शेवटी उभे राहिले. लाटेची त्यांची व्याख्या आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. "समिंदर म्हंजी मेंढरांचा कळप. एकामागं एक येतंय. पुढं जाऊन अडवलं तर तुडवून जाईल. बाजूनं त्याच्या चालीनं चाल, तुला घिऊन जाईल."

पारावर लोक हसायचे. "मामा पाण्यावर उभं ऱ्हायले, आता हवेत कवा बसणार?" मामाही त्यांच्यात हसायचे, कुणी नवा माणूस आला तर स्वतःच सुरुवात करायचे. गावाच्या हसण्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना लागायचा तो एकच शब्द, आणि तो आत्याबाईंचा होता. गोष्ट संपली की आत्याबाई चुलीत काटकी सारत म्हणत, "असंल."

बस, एवढंच. खोटं म्हणत नसत, खरंही म्हणत नसत. पंचवीस-सत्तावीस वर्षं मामांनी ती गोष्ट हरतऱ्हेने सांगितली, आणि दर वेळी उत्तर आलं ते "असंल." मग मामा भाकरी अर्धी ठेवून, सुटलेली नसलेली शेळी बांधायला बाहेर जात.

माझ्या लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या शिवारातल्या कालव्याला भरपूर पाणी सुटलं. गावाच्या वरच्या अंगाला कालवा एकदम पुरुषभर खाली उतरतो. त्या जागेला आमच्याकडे पायरी म्हणतात. मामा सहज बघायला म्हणून गेले आणि दुपारी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून परत आले. ओसरीवर बसले. पाणी दिलं, प्याले नाहीत.

"सापडली," म्हणाले.

"काय? शेळी?" आत्याबाईंनी विचारलं.

"लाट."

पायरीवरून पडलेलं पाणी खाली आपटून परत उसळत होतं, आणि ती उसळी पुढे न जाता एकाच जागी उभी होती. "समिंदराची लाट येती आन् जाती," मामा म्हणाले. "आपली हाय तिथंच हाय. आपल्या मानसासारखी." उन्हाळ्यातली ती शेवटची पाणीपाळी होती, पाणी तीन आठवडे राहणार होतं. मामांची पन्नाशी उलटलेली, आणि एका दांडग्या मेंढ्याने धडकून उजवा गुडघा कामातून नेलेला. पुढच्या वर्षी तो वाकेल की नाही, सांगता येत नव्हतं. आत्याबाईंना दाखवायचं तर आत्ताच.

दुसऱ्या दिवशी अब्दुलमिस्त्री आला. मामांचा बालमित्र, दारं-खिडक्या आणि बैलगाड्या करणारा. मामांनी शेणाने सारवलेल्या अंगणात कोळशाने फळीचा आकार काढला. मिस्त्री त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "मामा, ये नाव हाय के दरवाजा?"

"दोनी न्हाई."

"फिर खोल बंद कैसा करना?"

ते नामांतराच्या चळवळीचे दिवस. एसटी कधी धावेल आणि कधी बंदमध्ये उभी राहील याचा नेम नसे. त्यामुळे प्लाय आलं ते रेल्वेने पिंगळी स्टेशनावर, आणि तिथून बैलगाडीने घरी. जोडायला मिस्त्रीने आपला नेहमीचा सरस काढला, तर मामांनी तो डबाच उचलून बाहेर ठेवला. "पाण्यात इरघळंल, बाबा. मी मधोमध असताना तुझी फळी खीर होईल." शेवटी मिस्त्रीच्या मेव्हण्याने सिकंदराबादहून होड्यांना लावायचा, दोन डब्यांतून कालवायचा चिकटा आणला. तेरा दिवसांत फळी झाली. सागवानी बरगड्या, वर पातळ प्लाय, टोकं निमुळती, जवसाच्या तेलाने चकाकणारी. वरच्या अंगाला एक भोक होतं आणि त्याला आत्याबाईंच्या जुन्या स्टोव्हच्या टाकीचं पितळी आट्याचं बूच. स्टोव्ह गेल्याचं आत्याबाईंनी दोन दिवस ऐकवलं.

मामांनी घरातल्या प्रत्येकाला नियम सांगितला होता, "जमिनीवर बूच उघडं, पाण्यात बूच बंद." हे का, ते त्यांनी सांगितलं नाही; किंवा सांगितलं असेल, तेव्हा मी भाकऱ्या थापत असेन.

आता माझ्याकडे येते. उघडं भोक मला बघवत नाही. माहेरी आमच्याकडे घागरीला, डब्याला, रांजणाला, सगळ्याला झाकण. कारण उघड्या तोंडात विंचू शिरतो हे आजीने मनावर कोरलेलं. सासरी येऊन जेमतेम चार महिने झालेले, आपला नेटकेपणा दाखवायची हौस दांडगी. वैशाखातली दुपार, फळी अंगणात उन्हात, बूच शेजारी पडलेलं. मी ते उचललं, पदराने पुसलं, आणि अगदी दात-ओठ खाऊन गच्च बसवलं.

अर्ध्या तासाने अंगणात फाट्कन आवाज झाला. शेळ्या दावी तोडायला लागल्या. आम्ही बाहेर धावलो तर फळीची कड हातभर उकलून, शेंग तडकावी तशी तोंड वासून पडली होती. आतली हवा उन्हाने फुगली आणि तिला बाहेर जायला वाट नव्हती. तिची वाट मीच बंद केली होती.

पाणी बंद व्हायला पाच दिवस होते. मी भिंतीला टेकून उभी. मामा उकिडवे बसले, कडेवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, बूच का लावलंस?"

"इंचू... इंचू जाईल म्हणून," मी म्हणाले.

मामांनी बूच पिळून काढलं, भोकात डोकावून बघितलं. मग आवाज ऐकून धावत आलेल्या मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "बघ. हे बिलमिस्त्रीच्या ध्यानात आलं नव्हतं." आणि खरंच, पुढे त्या उघड्या भोकावर नेहमी मलमलीची चिंधी बांधलेली असे. एवढ्यावर माझा गुन्हा संपला. आमचे हे मात्र आजही, मी कुठलंही झाकण लावायला गेले की दोन पावलं मागे सरकतात.

डब्यांच्या तळाला चिकटा थोडाच उरला होता. मिस्त्रीने तो खरवडून कडेला भरला, पण उकललेलं प्लाय दबून राहीना. पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, जात्याची तळी ठेवली. मधला भाग उचललेलाच. तेव्हा आत्याबाई सूप घेऊन आल्या, नेमक्या त्या जागेवर बसल्या आणि तूर निवडायला लागल्या.

"अगं, तुझा तर इस्वास न्हाई," मामा म्हणाले.

"इस्वास न्हाई. वजन हाय," आत्याबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्या उठल्या नाहीत. जेवणही तिथेच बसून केलं. घरात निवडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी निवडलेली तूर पुन्हा निवडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि मिस्त्री फळी खांद्यावर घेऊन निघाले. वर मामांनी धोतर वाळत घातलेलं. वाटेत एका म्हाताऱ्याने डोक्यावरचा पटका काढून हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "कोण गेलं, माय?" मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला, त्याला वाटलं मला हुंदका आला. तो बिचारा पार कालव्यापर्यंत मागे आला.

कालव्यावर पाटकरी आडवा झाला. "मामा, ह्यात मेंढरं धुवायला मनाई हाय, कापडं धुवायला मनाई हाय."

"उभं ऱ्हायला हाय का?"

पाटकऱ्याने डोकं खाजवलं. तसा नियम त्याला कुणी सांगितलेला नव्हता.

मिस्त्रीने मामांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बाभळीला एक वेढा देऊन हातात धरलं. मामांनी बूच गच्च पिळलं. पहिल्या वेळी फळी एकीकडे, मामा दुसरीकडे. दुसऱ्या वेळी तसंच. मिस्त्री दोर ओढायचा, मामा खोकत वर यायचे, पुन्हा जायचे. काठावरचं गाव सुरुवातीला हसत होतं. चौथ्या वेळेनंतर हसायचं थांबलं. आत्याबाई जराशा लांब, शेळी चारायला आल्याचं निमित्त करून पाठमोऱ्या बसलेल्या. त्या शेळीला तिथे चरायला गवताची काडी नव्हती.

सहाव्या वेळी मामा फळीवर पालथे पडले, लाटेच्या तोंडाशी आले, हात टेकले आणि उठले. आडवे, डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे वाकलेले, हात मोकळे. एसटीतले मामा! पाणी त्यांच्या खालून धावत होतं आणि ते जागच्या जागी, कमरेतून जरासे खाली-वर होत उभे होते. मग दुखरा गुडघा मुडपला आणि मामा गेले पाण्यात.

बाहेर आले ते आधी इकडेतिकडे बघत. आत्याबाई नव्हत्या. शेळी घेऊन घराच्या वाटेला लागलेल्या.

जेवताना मिस्त्री म्हणाला, "मामा, पूरे बीस तक गिना मैं." मामा म्हणाले, "छ्या. नऊ. लय झालं तर नऊ." मग ताटावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "तू पाह्यलंस का?"

"भाकर घ्या," आत्याबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी कालवा आटला. पुढच्या वर्षी मामांचा गुडघा खाली बसायलाही वाकेना. फळी माळवदाखाली तुळईला टांगली, आणि पारावरच्या लोकांनी हसणं बंद केलं; उलट तेच आता पाहुण्यांना ही गोष्ट सांगू लागले आणि लाट दर वर्षी हातभर वाढू लागली. मामांनी मात्र आत्याबाईंसमोर ती पुन्हा कधी सांगितली नाही. मला वाटायचं, या बाईच्या जिभेला काटे असावेत. एक "हो" म्हणायला काय जात होतं?

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्याला लांबचा एक पाहुणा आला होता. ओसरीवर बसून तो सहज म्हणाला, "मानूस मोठा गमतीचा. काय ते पाण्यावर उभं ऱ्हायल्याच्या थापा!"

आतल्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. "थापा?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी पाह्यलंय. चौदा आकडे उभे होते. मी मोजलेत."

चौदा. मिस्त्रीचे वीस नाहीत, मामांचे नऊ नाहीत.

महिन्याभराने आम्ही दोघी एसटीने परभणीला निघालो होतो. जागा नव्हती. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळत होते. न राहवून शेवटी विचारलं, "आत्याबाई, तवाच का नाही सांगितलं त्यांना?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी परत गेले असते," त्या म्हणाल्या. "पानी अजून दोन दिवस होतं. गुडघा बघितलास का तू त्यांचा? मी बघितला होता. पडले तवा किती येळ वर आले न्हाईत, ते बी मोजलंय मी."

तो आकडा मी विचारला नाही. गाडीने मोठा खड्डा घेतला, सगळी गाडी एकमेकांवर कोसळली, मी कुणाच्या तरी पिशवीवर. सावरून बघते तर आत्याबाई खिडकीकडे तोंड करून आडव्या उभ्या होत्या. डावा पाय पुढे, हात मोकळे.

"आत्याबाई, धरा! पडसाल!"

"गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मोजायलेय."