पाणी येनार न्हाय

माइक हातात आला की चाचा आधी त्यात जोरात फुंकर मारायचे. समोर झोपलेलं कुत्रं उठून लांब जाऊन बसायचं. मग चाचा घसा खाकरायचे, तोही माइकमध्येच, आणि म्हणायचे, "ऐका. मागनं बोलू नका, चाचानं सांगितलं न्हाय." यानंतर जे ऐकू यायचं ती आमच्या नगरपंचायतीची अधिकृत सूचना असे. निदान नगरपंचायतीची तशी समजूत होती.

तुमच्याही गावात अशी एखादी रिक्षा फिरत असेल. वर भोंगा, आत एक कंटाळलेला माणूस. तो कागदावरचं वाचत जातो, आपण खिडकीतून एकमेकांना "काय म्हणाला?" असं विचारतो, तोवर रिक्षा कोपऱ्यावरून वळलेली असते. चाचांच्या बाबतीत हा प्रश्न कोणाला पडला नाही. त्यांची जुनी सहा आसनी मिनीडोर रिक्षा बाजारपेठेतून निघायची, कोळीवाड्यातून, मोहल्ल्यातून, माडांच्या वाड्यांमधून फिरून पुन्हा कचेरीसमोर यायची, तोवर गावाला सगळं समजलेलं असायचं. जे कळू नये असं आम्हा कचेरीतल्यांना वाटत होतं, तेसुद्धा.

मी नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात लिपिक. सूचना लिहिणं माझं काम. "तांत्रिक कारणास्तव", "कमी दाबाने" आणि "नोंद घ्यावी" एवढं आलं की माझी सूचना पूर्ण व्हायची. मी लिहायचो: उद्या शहरास होणारा पाणीपुरवठा तांत्रिक कारणास्तव कमी दाबाने व अनियमित होईल. चाचा कागद घ्यायचे, चष्मा कपाळावर ठेवून वाचायचे आणि माइकवर सांगायचे, "उद्या पाणी येनार न्हाय. कागदात कमी दाबानं लिवलंय, पन मी आताच पंपाकडनं येतोय. मोटार जळलीय. भरून ठेवा."

चाचांनी तरुणपणी कुवेतला पाण्याचा टँकर चालवला होता. त्यामुळे पाणी या विषयावर त्यांची काही ठाम मतं होती. "भाऊसाहेब," ते मला म्हणायचे, "तिथं वाळवंट. पाऊस म्हंजे काय ते पोरांना ठाऊक न्हाय. तरी नळ फिरवला की पानी. आणि आपल्याकडं चार महिने आभाळ फाटतं, तरी तुम्ही लिवता तांत्रिक कारण." मी चहा मागवायचो.

आमच्या मुख्याधिकाऱ्यांना, म्हणजे कचेरीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबांना, चाचांच्या भाषेचा त्रास व्हायचा. एकदा त्यांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. तक्रार अशी होती, की पाण्याची वेळ सांगताना चाचा शेवटी "इन्शाल्ला" म्हणतात.

"अहो, ही शासकीय सूचना आहे," साहेब म्हणाले. "पाणी सकाळी सहाला येईल. एवढंच म्हणायचं."

"साहेब, तुमच्या पायपाची गॅरंटी मी कशी देऊ?" चाचा म्हणाले. "वरच्याचं नाव घातलं म्हंजे कोनीतरी जबाबदार राहतं."

साहेबांनी थोडा विचार केला आणि विषय बदलला.

डेंग्यूच्या दिवसांत तर चाचांना ऐकायला लोक ओट्यावर येऊन बसायचे. साचलेलं पाणी ओतून टाका, टायर आणि करवंट्या उघड्यावर ठेवू नका, एवढाच मजकूर असायचा. चाचा त्यात पत्ते घालायचे. "मागच्या आळीत हिरव्या गेटवाल्यांनी टायर आत घ्यावा. अळ्या मला रस्त्यावरनं दिसतात. नाव घेत न्हाय." हिरवं गेट उपनगराध्यक्षांचं होतं. टायर संध्याकाळपर्यंत आत गेला. पोलिओच्या रविवारी म्हणायचे, "ज्या आयांनी मागच्या टायमाला पोरं पलंगाखाली लपवली, त्यांनी ह्या टायमाला काढून आनावी. दोन थेंब हायत, इंजेक्शन न्हाय." आणि पोरं खरोखर पलंगाखालून निघायची.

मग आमच्या नगराध्यक्षांनी पर्यटन महोत्सव करायचं मनावर घेतलं. त्यांचं दुःख असं, की मुंबईची माणसं किहीमच्या किनाऱ्याला जातात, आपल्याकडे येत नाहीत. किहीम मुंबईच्या समोर आहे आणि आपण घाट उतरून कुठल्या कुठे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. वाळूत खुर्च्या, वाद्यवृंद, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, सगळं ठरलं. गावभर फलक लागले. फलकावर समुद्र लहान होता आणि नगराध्यक्ष मोठे. किनाऱ्याच्या रस्त्याला शोभेचे दिवे लावायचे म्हणून घाईघाईत खोदकाम निघालं आणि त्या खोदकामात जुनी जलवाहिनी फुटली. ठेकेदाराने ती गटाराच्या शेजारीच चिंधी गुंडाळल्यासारखी जोडली आणि वरून माती लोटली.

थोड्या दिवसांत कोळीवाड्यात आणि बाजारपेठेत माणसं आजारी पडायला लागली. ताप, उलट्या, मग डोळे पिवळे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी कचेरीला कळवलं, की ही दूषित पाण्याची कावीळ आहे, लोकांना ताबडतोब सांगा. कचेरीत बैठक झाली. महोत्सव तोंडावर आला होता, राहण्याच्या खोल्या भरत आल्या होत्या. बैठकीनंतर साहेबांच्या केबिनमधूनच टाइप होऊन सूचना बाहेर आली: बदलत्या हवामानाच्या पार्श्वभूमीवर खबरदारीचा उपाय म्हणून नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.

मी कागद चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"भाऊसाहेब, हवामान कुठं बदललंय?"

"वरून आलंय तसं दिलंय, चाचा. डॉक्टर कावीळ म्हणतायत, साहेब म्हणतात अहवाल येऊ दे."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच कागदावर होतं ते जसंच्या तसं वाचलं. बाजारात दोघातिघांनी मला विचारलं, चाचांची तब्येत बरी नाही का.

कोळीवाड्यात एका दारात एक सून बसली होती, दिवस गेलेली, पोट चांगलं दिसत होतं. तिने चाचांना हाक मारून विचारलं, "चाचा, उकळायचं म्हंजे सगळ्यांनी, का नुसतं पोरांना?"

"कागदात सगळ्यांनी लिवलंय."

"कागदात तर रोज पानी पन येतं," ती हसून म्हणाली. चाचाही हसले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी मिनीडोरमध्ये त्यांनी एका आजारी माणसाला आरोग्य केंद्रात नेलं. तिथे बाकावर जागा नव्हती, माणसं व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला तिखट. चाचांना बघून म्हणाल्या, "तुम्ही हवामान हवामान काय लावलंय? गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर येते. दोघांच्याही. तेवढं तरी सांगा भोंग्यावर."

चाचा तिथून थेट कचेरीत आले आणि न विचारता साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी आत फाइल घेऊन उभा होतो.

"साहेब, कावीळ हाय का न्हाय?"

"तपासण्या चालू आहेत. अहवाल आला की बघू."

"डॉक्टरीनबाई बोलतात हाय."

"त्यांनी त्यांचं काम करावं. तुम्ही कागदावर आहे तेवढं वाचा. तुमचं काम आवाज देण्याचं."

"व्हय," चाचा म्हणाले. "आवाज माझाच हाय."

ते गेले. थोड्या वेळाने बाजाराच्या बाजूने फुंकर ऐकू आली. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ऐका. कावीळ आलीय. हवामानाचं काय न्हाय, हवामान बरं हाय. दिव्यांसाठी खोदलं तिथं पाईप फुटलाय आणि गटार पान्यात शिरलंय. नळाचं पानी उकळल्याबिगर तोंडात घालू नका. गरोदर बायांनी तर चूळ पन भरू नका त्यानं. पोटातलं पोर आणि आई, दोघांच्या जिवाला धोका हाय. डोळे पिवळे दिसले की गळ्यात माळा बांधत बसू नका, दवाखान्यात जा. गाडीला पैसे नसतील तर मी नेतो. हे कागदात न्हाय. मी सांगतोय."

प्रत्येक नाक्यावर थांबून त्यांनी हे सांगितलं. फलकावरच्या नगराध्यक्षांच्या फोटोखालीही थांबले, तिथे सावली होती म्हणून. कोणीतरी चित्रीकरण केलं आणि ते संध्याकाळच्या आत जिल्हाभर मोबाइलवर फिरलं.

महोत्सव पुढे ढकलला गेला. खोल्यांची आरक्षणं रद्द झाली. त्यात चाचांच्या स्वतःच्या मुलाच्याही दोन खोल्या होत्या, मागच्या अंगणात नव्याने बांधलेल्या, निळ्या रंगाच्या. तो बाजारात सर्वांदेखत म्हणाला, "अब्बांनी भोंगा गावावर न्हाय, माझ्या पोटावर वाजवला." त्यानंतर बाप-लेक एका घरात राहून बोलेनासे झाले. जेवताना सून मधे बसून निरोप पोचवायची. "अब्बा, ते मीठ मागतायत." चाचा मीठ सरकवायचे.

पण जिल्ह्यातून आरोग्याचं पथक आलं. पाईप उकरला, बदलला, टाक्या धुतल्या, घरोघर पाण्यात टाकायच्या औषधाच्या बाटल्या वाटल्या. आजाऱ्यांची रांग हळूहळू कमी झाली. पहिल्या दिवशी साहेबांनी पथकाला सांगितलं, की आम्हीच नागरिकांना तातडीने सतर्क केलं. एका अर्थाने ते खरंच होतं. रिक्षा नगरपंचायतीच्याच कामाची होती.

कोळीवाड्यातली ती सून मात्र आधीच आजारी पडली होती. तिला अलिबागला नेलं, तिथून मुंबईला. बऱ्याच दिवसांनी ती परत आली, एकटी. पोर गेलं होतं.

चाचा तिला भेटायला गेले, मीही गेलो. सासूने चहा दिला. सून भिंतीला टेकून बसली होती, अंगात काही उरलं नव्हतं. तिने चाचांना घरच्यांची ख्यालीखुशाली विचारली. चाचा बशीत चहा ओतून तसेच बसून राहिले. निघताना डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या. त्यांनी नीट समजावलं, की तिला लागण फार आधी झाली होती, तुमच्या पहिल्या फेरीत तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. चाचांनी मान हलवली.

मिनीडोर सुरू करताना मला म्हणाले, "डॉक्टरीनबाई खरं बोलतात. पन तिनं मला इचारलं होतं, भाऊसाहेब."

मी शेजारी बसलो आणि आम्ही बाजारापर्यंत आलो.

कचेरीने चाचांना काढलं नाही. काढायला ते नोकरीत होतेच कुठे. त्यांना बोलवायचं बंद केलं, एवढंच. घंटागाडीवर एक पेनड्राइव्ह बसवला गेला. त्यात शहरातल्या कुठल्याशा बाईंचा गोड आवाज होता. "नमस्कार, सुज्ञ नागरिकहो," अशी सुरुवात. आमच्या गावाला आपण सुज्ञ असल्याची सवय नव्हती, त्यामुळे लोकांना वाटलं सूचना दुसऱ्याच कोणासाठी आहे. त्या बाई काही सांगून गेल्या की माणसं चाचांच्या ओट्यापाशी जाऊन खात्री करून घ्यायची. चाचा म्हणायचे, "माझ्याकडं कागद न्हाय. बाईंना इचारा." आणि मग खरं काय ते सांगायचेच.

मुलाचा राग पावसाळ्यानंतर उतरला. त्याने खोल्यांच्या बाहेर पाटी लावली: येथे पिण्यास उकळलेले पाणी मिळेल. बाकी कोणाकडे अशी पाटी नव्हती, पाहुणे त्याच्याकडे जास्त येऊ लागले. चाचा पाटीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि आलेल्या पाहुण्यांना कावीळ कशी होते ते सविस्तर सांगायचे. मुलाने शेवटी हात जोडले. "अब्बा, निदान जेवणाआधी तरी नको." त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

पुढे साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना पोलिओच्या रविवारी केंद्रं रिकामी दिसली, तेव्हा त्यांनी चाचांना बोलावलं. चाचा आले, चहा घेतला आणि एकच अट घातली. "आधी काय झालंय ते सांगायचं, कागद मागनं द्यायचा." नवीन साहेबांनी मान्य केलं. त्यानंतर चाचा वर्षभर फिरले, आवाज थोडा बसला होता, पण फुंकरीत जोर तेवढाच होता.

ते गेले मागच्या उन्हाळ्यात, दुपारी झोपेत. मुलगा चहाला उठवायला गेला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं. मोहल्ला होताच, पण कोळीवाडा, बाजारपेठ, वाड्यांमधली माणसं, सगळे पुरुष कब्रस्तानापर्यंत चालत गेले. आम्ही कचेरी अर्धा दिवस बंद ठेवली. आमच्या गावच्या बायका चाचांच्या घरी, अंगणात मावेनात म्हणून रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांच्यात कोळीवाड्यातली ती सूनही होती, सासूच्या मागे.

पंपावर जो माणूस होता त्याने दफनाला जायच्या आधी मोटार सुरू करून ठेवली होती. कोणाला सांगायचं त्याला सुचलं नाही. आमच्याकडे नळ उघडे ठेवायची सवय आहे, पाणी आलं की आवाजाने कळावं म्हणून. त्या दिवशी ऐकायला घरात कोणी नव्हतं. आम्ही परतलो तेव्हा पिंपं भरून वाहत होती, पाणी उंबऱ्यांवरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून रस्त्यावर आलं होतं, आणि सगळी आळी समुद्राच्या दिशेने वाहत होती.

एरवी एवढं पाणी वाया गेलं असतं तर भांडणं झाली असती. त्या दिवशी लेंगे वर घेतले, चपला हातात घेतल्या आणि आम्ही त्या पाण्यातून आपापल्या घरी गेलो.